प्रेरणाग्रस्त

आमच्या बोईसर पट्ट्यात नवा माणूस राहायला आला की त्याला नाव-गाव कोणी आधी विचारत नाही. "कुठल्या कंपनीत?" एवढंच विचारतात. त्या एका उत्तरातून त्याचा पगार, शिफ्ट, बसचा थांबा आणि संध्याकाळी कपड्यांना येणारा वास, सगळं ऐकणाऱ्याला कळतं. सरावलीत भाड्याने राहणाऱ्या तरुण इलस्ट्रेटरची पंचाईत इथूनच सुरू होते. तो सांगतो, "मी फ्रीलान्स करतो." समोरचा क्षणभर एमआयडीसीचा नकाशा डोळ्यांपुढे आणतो आणि विचारतो, "प्लॉट नंबर काय?"

"तसं नाही, घरूनच करतो."

"म्हणजे जॉबवर्क. माल घरपोच देतात का?"

"अहो, चित्रं काढतो."

"ते कळलं. पण कॉन्ट्रॅक्टर कोण? पीएफ कापतो का?"

हा प्राणी ओळखायला अवघड नाही. वय पंचविशीच्या आसपास. दाढी आहे, पण ती ठेवली आहे की राहिली आहे याचा निर्णय लागलेला नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीवर झोपलेलं मांजर. गाव बार्शी, चाळीसगाव किंवा उदगीर. आमच्या मजल्यावरचा बार्शीचा. कला मुंबईत शिकलेला. मुंबईत कला परवडते, खोली परवडत नाही. त्यामुळे शिक्षण संपल्यापासून हा माणूस पश्चिम रेल्वेवर भाड्याच्या पाठीमागे उत्तरेकडे सरकत असतो. आधी जोगेश्वरी, मग नालासोपारा, मग विरार. पूर्वी विरारला लोकलही संपायची आणि हा प्रवासही. 2013च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत यायला लागली आणि सरकायला आणखी रूळ मिळाले. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी करत तो बोईसरला उतरला. डिपॉझिट ऐकून त्याचे डोळे भरून आले आणि तो सरावलीचा रहिवासी झाला.

मात्र हे कारण तो कुणालाही सांगणार नाही. विचारलंत तर दूर कुठेतरी बघत म्हणेल, "काका, शहरात प्रेरणा मरत होती." इन्स्टाग्रामवर त्याने स्वतःची ओळख 'समुद्र आणि सह्याद्रीच्या मधे कुठेतरी' अशी दिली आहे. त्यातलं 'कुठेतरी' म्हणजे आमच्या इमारतीचा पहिला मजला, जिन्याला लागून. समुद्र पश्चिमेला, नवापूर-चिंचणीच्या बाजूला, दोन रिक्षा बदलून. सह्याद्री पूर्वेला, हायवेच्याही पलीकडे. आणि खरोखर मधे जी आहे ती तारापूरची एमआयडीसी, तिचा उल्लेख जागेअभावी राहून गेला. रात्री वारा फिरला की ती आपली ओळख आपणच करून देते.

बार्शीला आईची काळजी आणखी निराळी. तारापूरचं अणुवीज केंद्र देशातलं पहिलं, 1969 सालापासून वीज देतंय. ही माहिती तिला मुलगा इथे आल्यावर कळली. तेव्हापासून ती आठवड्याला फोन करून विचारते, "रात्री दिवा मालवल्यावर तुझं अंग दिसतं का रे?" पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा त्याला त्यात कॉमिक दिसलं: अंधारात चमकणारा मुलगा, त्याला वाचायला दिवा लागत नाही, मात्र लपंडावात कुणी घेत नाही. पाच पानं झाली. सहाव्या पानावर प्रेरणा गेली. ही प्रेरणा सहाव्या पानावरच का जाते, हे आमच्या कंपनीच्या मेंटेनन्स खात्यालाही सांगता येणार नाही.

इमारतीत त्याच्याबद्दल पहिला गैरसमज हातमोज्याने केला. हे लोक टॅब्लेटच्या काचेवर चित्रं काढतात आणि तळवा काचेला चिकटू नये म्हणून एक अर्धा हातमोजा घालतात. त्याला दोनच बोटं असतात, करंगळी आणि तिच्या शेजारची. बाकीची बोटं उघडी. आता प्रेस मशीनच्या गावात हातमोज्यात दोनच बोटं दिसली की माणसं हातमोज्याकडे बघत नाहीत, बोटं मोजतात. समोरच्या वहिनी हळहळल्या. "इतक्या लहान वयात! ईएसआयने काही दिलं का हो?" त्याने हातमोजा काढून पाची बोटं हलवून दाखवली, तेव्हा कुठे त्या सावरल्या. तरी जाताना, "जपून हं," म्हणून गेल्याच.

दुसरा गैरसमज दिनचर्येचा. तो रात्रभर जागतो आणि सकाळी झोपतो. आमच्याकडे याला कलावंत म्हणत नाहीत, थर्ड शिफ्ट म्हणतात. उलट त्यामुळे त्याच्याविषयी आदर वाढला. सकाळी त्याच्या दारापुढे मुलं ओरडायला लागली की कुणीतरी दटावतं, "ए, हळू! रात्रपाळीचा माणूस आहे."

महिन्यातून एकदा तो प्रेरणेच्या शोधात चिंचणीच्या किनाऱ्याला जातो. एकदा बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील बघून त्याला ओळीचं सौंदर्य दिसलं. तो तासभर समोर बसून रेघा मारत राहिला. मालकीणबाईंनी बराच वेळ सोसलं आणि मग विचारलं, "मोजतोस कशाला? घेणार आहेस का?" नाही म्हणायची त्याला लाज वाटली. प्रेरणा वर्तमानपत्रात बांधून शेअर रिक्षाने सरावलीत आली. मागच्या सीटवरच्या तिघांनी आणि ड्रायव्हरशेजारच्या चौथ्याने वाटेत एकमेकांकडे संशयाने पाहिलं. पुढे आठवडाभर जिन्यात त्याच्या कलासाधनेची जाणीव सगळ्यांना होत होती.

त्याला काम देणारे बंगळूर-गुरगावकडचे. ते कधी भेटत नाहीत, फक्त 'छोटासा बदल' पाठवतात. पत्त्यात पालघर दिसलं की त्यांना एकच सुचतं: वारली. "तुम्ही तिथलेच, तुमच्या रक्तात असेल!" बार्शीकराच्या रक्तात ज्वारीची भाकरी आणि भगवंताचं मंदिर असतं, हे त्यांना ठाऊक नसतं. एका किराणा पोचवणाऱ्या अॅपने तारपा नाचाचं चित्र मागितलं, मधे तारपावाल्याच्या जागी त्यांचा डिलिव्हरी बॉय. वर आणखी सूचना, माणसांच्या चेहऱ्यावर हसू दिसू द्या. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक वाटोळं डोकं, यात हसू कुठे बसवायचं?

त्या दिवशी मात्र मी त्याला पहिल्यांदा चिडलेला पाहिला आणि मला तो आवडला. त्याने उत्तर लिहिलं की वारली चित्र मुळात लग्नातलं. घराच्या भिंतीवर, गेरूच्या अंगावर, तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात आणि चौकात पालघट देवी बसते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाबाहेर, कागदावर आणि जगापुढे नेलं. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले तरी त्या बाजूला आज घरोघर हे काम करणारी माणसं आहेत, त्यांना विचारा. सोबत डहाणूकडच्या एका चित्रकाराचा नंबरही दिला. चार दिवसांनी अॅपवाल्यांचा निरोप आला: "त्यांचा रेट तुमच्या दुप्पट आहे. तुम्हीच करून द्याल का?"

तो उरलेला दिवस त्याने आपला रेट किती असावा याचं चिंतन करण्यात घालवला.

अशा वेळी मी त्याला वडीलकीचा सल्ला देतो. मी स्टोअर्समध्ये आहे. स्टोअर्समधल्या माणसाकडे प्रत्येक वस्तूला पर्यायी वस्तू असते. म्हटलं, "वसंत सरवटे बघ. 'बटाट्याची चाळ'ची चित्रं त्यांची, दळवींच्या ठणठणपाळाला चेहरा त्यांनी दिला. माणूस सिव्हिल इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी. त्यांना प्रेरणा नव्हती का? होती, पण ऑफिस सुटल्यावर." तो म्हणाला, "काका, दीनानाथ दलालांनी 1945 साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. मलाही दिवाळी अंकात काम मिळालंय." मिळालं होतं खरं. सात कथांना सात चित्रं. मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली, तीही पोस्टाने नाही. "दादरला आलात की घेऊन जा," असा निरोप आला.

शेवटी त्याला काम दिलं ते गावानेच. सुरुवात अर्थातच फ्लेक्सने झाली. कुठल्या तरी भावी सरपंचांचा वाढदिवस होता. त्यांना कपाळावर तेज आणि मागे बुलेट ट्रेन हवी होती, कारण बोईसरला तिचं स्टेशन होणार आहे. तेज जमलं. ट्रेन मात्र साहेबांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघाल्यासारखी दिसत होती. कार्यकर्त्यांना हेच फार आवडलं.

मग मार्च आला. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात एमआयडीसीत जिकडे तिकडे शपथा, बॅनर आणि पोस्टर. आमच्या सेफ्टी ऑफिसरांना मीच त्याचं नाव सुचवलं. त्याने तीन रात्री जागून एक चित्र केलं. निळा अंधार, त्यात एक एकटा कामगार, हातात हेल्मेट, नजर शून्यात. खाली अक्षरं इतकी बारीक की ती वाचायला गेलेला माणूस मशीनच्या पट्ट्यात अडकावा. ऑफिसरांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"छान आहे. पण हेल्मेट हातात का?"

"तो विचार करतोय, सर."

"विचार हेल्मेट घालून करता येतो. हनुवटीचा पट्टा कुठाय? आणि हा वॉल्व्ह कोणत्या हाताने फिरवणार? असा उभा राहिला तर आधी कंबर जाईल, मग बोट."

इतकी बारीक समीक्षा त्याच्या चित्राची आजवर कुणी केली नव्हती. गुरगाववाले नुसतं 'पॉप होत नाही' म्हणायचे. तो मुकाट्याने गेटजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागला. पहिली पाळी सुटताना माणसं कशी चालतात, पिवळं हेल्मेट काखेत कसं धरतात, तंबाखू मळताना कोपर किती वर जातो, डबा कुठल्या हातात असतो, हे सगळं काढत राहिला. पोस्टर लागलं आणि दुपारच्या सुट्टीत गर्दी झाली. बॉयलर हाउसमधला एकजण खात्रीने म्हणाला, "ही कंबर माझी आहे. वाकताना मी असाच हात ठेवतो." मग थोडा विचार करून, "याचा ओव्हरटाइम मिळतो का?"

आता त्याला पोस्टरं आहेत, गणपती मंडळांचे देखावे आहेत, लग्नपत्रिका आहेत. डहाणू लोकलमध्ये वही उघडली की झोपेचं सोंग घेतलेले लोक डोळे मिटूनच केस सारखे करतात. चमकणाऱ्या मुलाची गोष्टही परवा सहाव्या पानापुढे सरकली. त्याला आता फर्स्ट शिफ्टला जाणारा मामा मिळाला आहे.

परवा पुण्याहून एका होतकरू चित्रकाराचा त्याला फोन आला. मी तिथेच चहा पीत होतो. त्या मुलाला शहर सोडून इकडे यायचं होतं. भाडं त्याने विचारलंच नाही. पहिला प्रश्न असा: "तिकडे इन्स्पिरेशन कसं आहे?"

आमच्या बार्शीकराने चहाचा घोट घेतला आणि घरमालकाच्या सुरात सांगितलं, "हे बघ, खोली आहे, पाणी दोन वेळा येतं, स्टेशनला शेअर रिक्षा आहे. इन्स्पिरेशन भाड्यात धरलेलं नाही. ते लाइटबिलासारखं. जेवढं जाळशील, तेवढं तुझं तू भरायचं."