तेरा जणांतला एक टक्का

लातुरात पोरानं ‘डॉक्टर व्हायचंय’ म्हटलं की घरचे नीटच्या क्लासची फी विचारतात. मी त्यापुढं ‘इंग्रजी साहित्यात, अमेरिकेत’ असं जोडलं, तेव्हा मामा म्हणाले, “इंग्रजीला अमेरिकेत? तिथं तर रिक्षावाल्यालाबी येतंय की इंग्रजी.” हा मुद्दा मला आजतागायत खोडता आलेला नाही. त्यात इंग्रजीत एम.ए. झालेल्यानं इंग्रजीच्या पीएचडीसाठी टोफेल देऊन इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं असतं, हे कळल्यावर तर मामांनी माझ्याकडं दयेनंच पाहिलं.

मामांचा वरचा मजला नीटच्या पोरांना कॉट बेसिसवर दिलेला. पोरं जिन्यात बसून पर्याय घोकतात. लातूर पॅटर्ननं आमच्या हाडात एक गोष्ट मुरवली आहे: उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त चुकायचं नाही. अमेरिकी अर्ज मात्र पहिल्यालाच विचारतो, तुम्हाला हे का करायचंय? दोन पानांत सांगा. बारावीपर्यंत ‘किती पडले’ सोडून आम्हाला कुणी काही विचारलेलं नव्हतं. ‘स्कोप आहे म्हणून’ हे आमचं राखीव उत्तर. तेही इथं चालेना, कारण स्कोप नव्हताच.

एका सीनियरनं कानमंत्र दिला, “दुष्काळ घाल. लातूरचा आहेस, पाण्याची रेल्वे घाल.” मला अभ्यासायची होती जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’. तिथं पाण्याची ददात नाही. तरी दुसऱ्या परिच्छेदात मी रेल्वे आणलीच: एप्रिल २०१६, मिरजेहून निघालेल्या दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आता ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात न्यायची कशी? देव पावला. त्या कादंबरीत रेल्वेचे मोजणीवाले शेतात येतात आणि गावचे गडी दाताळी घेऊन त्यांच्या अंगावर धावतात. मोजणीवाल्याला पाहून बांधावर काय होतं, हे आम्हाला शिकवायला इलियटबाईंची गरज नाही. गाडी रुळावर आली. (त्याच पुस्तकात कॅसॉबन नावाचे एक विद्वान जन्मभर एकच ग्रंथ लिहितात आणि तो अर्धवट ठेवून मरतात. पीएचडीच्या अर्जात त्यांचा उल्लेख मी टाळला.)

शिफारसपत्रासाठी अहमदपूर-लोहामार्गे एसटीनं नांदेडला सरांकडं गेलो. सर म्हणाले, “तूच लिहून आण, सही ठोकतो.” मी सांगितलं, तसं चालत नाही. तुम्हाला ईमेलवर लिंक येईल, तिथंच पत्र टाकायचं. ते बघण्याचा हक्क मी सोडल्याचंही अर्जात लिहून दिलंय.

“मग शिक्का कुठं मारायचा?”

शिक्का नाही म्हटल्यावर सरांचा त्या विद्यापीठावरचा विश्वास उडाला. पुढं रकाना आला: हा विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? सरांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. “वर्गात पोरं तेरा. त्यांचा एक टक्का म्हणजे शून्य पूर्णांक तेरा शतांश. एवढ्यात तू बसतोस का रे?” पत्र मी पाहिलं नाही, शपथेवर सांगतो. पण टाइप करताना मोठ्यानं वाचायची सरांना सवय. “ही बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर” एवढं पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल.

मुदत १५ डिसेंबरच्या रात्री ११:५९ ची, तीही न्यूयॉर्कच्या घड्याळानं. म्हणजे आपल्याकडं १६ तारखेच्या सकाळचे १०:२९. “मुदत संपल्यावरबी साडेदहा तास देतात? देश चांगलाय,” मामा म्हणाले. मग मुद्द्यावर आले, “खर्च किती?”

फी माफ असते, वर विद्यावेतन देतात, मी म्हणालो. त्या बदल्यात तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध लिहायला शिकवायचं.

“कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

मामा बराच वेळ गप्प होते. नजर वरच्या मजल्याकडं.

“म्हणजे लातूरचा मास्तर त्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवणार? मग तू कशाला जातोस? त्यांनाच इकडं बोलव. जूनमध्ये सहा कॉट रिकाम्या होतायत.”