भांडारपाल (सेवानिवृत्त)

सिंचन खात्याचा भांडारपाल कधी निवृत्त होत नाही; त्याचं फक्त भांडार बदलतं. गोंदिया जिल्ह्यात धरणं, कालवे आणि तलाव भरपूर, त्यामुळं ही जमातही भरपूर. इटियाडोहच्या कालव्यावरचं अर्जुनी मोरगावकडचं एखादं गाव घ्या, नाहीतर बाघ प्रकल्पाच्या अंगानं देवरी-सालेकशाकडं जा. रस्त्याला लागून एक पिवळं घर, फाटकावर नाव, नावाखाली ‘से. नि.’ आणि घरामागं सांदवाडीत टिनाचं एक शेड, हे ठरलेलं. घरची माणसं त्या शेडला अजून कोठाच म्हणतात, कारण परवापरवापर्यंत तिथं बैल बांधलेले असत. गावात ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले, कोठा ओस पडला आणि नेमके त्याच सुमाराला काकाजी रिटायर झाले. कोठ्यात शिरायला कुणीतरी हवंच होतं.

काकाजी मात्र त्याला ‘स्टोर’ म्हणतात. दारावर पाटी आहे: विनापरवानगी प्रवेश मनाई. कोंबड्या ती पाळत नाहीत.

नोकरीतली त्यांची हयात सिमेंटच्या गोण्या, सब्बल, घमेली आणि टिकास मोजण्यात गेली. धरण कुठं आहे, पाणी किती दलघमी साठतं, याच्याशी त्यांना कधीच कर्तव्य नव्हतं. गाढवी नदीवरचं इटियाडोह १९७० मध्ये पुरं झालं, हे गाव सांगेल. काकाजी सांगतील ते, तिथल्या उपविभागात फावड्यांचे दांडे कोणत्या साली किती आले. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. काकाजींना त्या दिवसापासून एकच धास्ती बसली: आता यादीचे दोन तुकडे होणार, आणि मधल्या मध्ये काहीतरी एक नग गहाळ होणार.

गंमत सोडा, अवजार भिंतीला टांगावं हे शंभर टक्के खरं आहे, आणि आमच्या भागात तर जास्तच खरं. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस. मिरगापासून नवरात्रापर्यंत जमीन वाळत म्हणून नाही. कोपऱ्यात उभं केलेलं फावडं आठ दिवसांत तांबडं होतं. दांडा जमिनीला टेकला की उधई खालून वर चढते आणि वरून दांडा ठणठणीत दिसतो. फावडं मातीत मारलं की पातं मातीत आणि आपण मागं. तिवसाचा किंवा धावड्याचा दांडा असला तर तो बराच काळ तग धरतो, पण आता तिवस आणायचा कुठून? म्हणून काकाजी दरसाल दांड्यांना जवसाचं कच्चं तेल चोळतात. धानाच्या बांधीत उताऱ्यावर जवस पेरायची रीत इथं जुनीच, तेव्हा तेल घरचंच. पात्यांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. हे सगळं अगदी शास्त्रशुद्ध. त्यांची अवजारं पाहून लोहारसुद्धा क्षणभर उभा राहतो. अडचण अवजाराशी नाहीच. अडचण भिंतीशी सुरू होते.

कोठ्याची जुनी भिंत मातीची. तिच्यात खिळा हातानं जाई आणि हातानंच निघे. काकाजींनी ती पाडून नऊ इंची विटांची बांधली, कशासाठी, तर खुंट्यांसाठी. मग इलेक्ट्रिकच्या पोराचं ड्रिल आलं, आठ नंबरचा बिट आला, प्लास्टिकच्या गिट्ट्या आल्या. ही नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्तुर फिशरनं १९५८ साली काढली, हे मुलानं मोबाइलवर वाचून दाखवल्यापासून काकाजींच्या मनात फिशरसाहेबांविषयी नितांत आदर आहे. पंडित नेहरूंनी भाक्रा-नांगल बांधलं, फिशरनं गिट्टी बांधली. त्यांच्या लेखी दोन्ही तोलामोलाची कामं. भिंतीत भोक पाडून, त्यात गिट्टी ठोकून, गिट्टीत स्क्रू पिळून, स्क्रूला आकडा. असे आकडे ओळीनं, लेव्हल-पाइप लावून, दोरीत. बांधकामावर दोरी चुकली तर इंजिनिअर जबाबदार असतो. इथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चुकली नाही. रोज सकाळी चहाआधी काकाजी सगळ्या खुंट्या एकेक करून हलवून बळकट करतात. माणसं अक्कल खुंटीला टांगतात, यांनी सगळी अक्कल खुंटी ठोकण्यातच घातली.

आणि मग त्यांनी रेघा ओढल्या.

पांढऱ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशानं, प्रत्येक अवजाराभोवती त्याची बाह्यरेषा. टांगलेली कुऱ्हाड काढली की भिंतीवर कुऱ्हाडीची पांढरी आकृती उरते, पंचनाम्यात मुडद्याभोवती आखतात तशी. आकृतीच्या पोटात नंबर. सब्बल १. टिकास २. इळा दातेरी ३, इळा साधा ४. पाण्याची झारी, कानस, खराटा, बांधीला पार घालायचं मोठं फावडं, दोरीचं वेटोळं (वेटोळ्याची आकृती काढायला त्यांना एक अख्खी दुपार लागली, कारण वेटोळं दर वेळी निराळं पडे). पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीत आला तेव्हा त्यानं सांगितलं, “बाबा, अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड म्हणून मोठ्या पाककृती-लेखिका होऊन गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या नवऱ्यानं अशाच कढयांभोवती रेघा मारून ठेवल्या होत्या. ते स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममधे आहे.” काकाजींचा चेहरा उजळला. “म्हंजे हे स्टोर म्युझियममधी जाऊ शकते?”

काकू वालाच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जाऊ द्या ना जी. फक्त तेयले इचारा, स्टोरकिपरसोबत नेता का?”

एवढं सगळं केल्यावर माणसानं बागकाम करावं, अशी अपेक्षा करणं म्हणजे भांडारपालाची जातकुळी न कळणं. काकाजी मातीला हात लावत नाहीत. मातीला अवजार लागलं की अवजार मळतं. त्यांचं प्रेम फावड्यावरही नाही; फावड्याच्या जागेवर आहे. फावडं जागेवर असलं की त्यांना झोप लागते, आणि ते शेतात कामाला गेलं असलं की झोपेच्या गोळीचाही उपयोग होत नाही.

आता गावात अवजार काही एकट्याचं नसतं. सब्बल गल्लीत एकाकडं, कुऱ्हाड दुसऱ्याकडं, शिडी तिसऱ्याकडं, आणि सगळं सगळ्यांचं. मागायला जायचं, सुपारी कातरायची, घेऊन यायचं. काकाजींकडं सगळंच असल्यामुळं सगळेच त्यांच्याकडं येतात. तिथं मग असं चालतं:

“काकाजी, सब्बल भेटन का जी?”

“कायले?”

“खड्डा खोदाचा हाये.”

“किती बाय किती?”

माणूस गोंधळतो. कुंपणाचा खांब रोवायला किती बाय किती लागतं, याचा विचार त्यानं केलेला नसतो. काकाजी चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि रजिस्टर उघडतात. लांबडं, जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. रकाने हातानं आखलेले: दिनांक, नाव, नग, देतानाची स्थिती, परतीची वेळ, सही, शेरा.

“वापस कवा?”

“सांजच्याले आनून देतो.”

“सांजच्याले म्हंजे किती वाजता?”

ज्याला गरज अगदीच निकडीची असते तो सही करतो. बाकीचे ‘राहू द्या जी’ म्हणून पुढच्या गल्लीत जातात, तिथं सब्बल दारामागं आडवी पडलेली असते आणि कुणी काही विचारत नाही. शेरा रकान्यात मी एकदा डोकावलो होतो. एका ठिकाणी होतं: ‘टोक बोथट. मौखिक समज दिली.’ दुसऱ्या ठिकाणी, एका साळ्याच्या नावापुढं: ‘नातेवाईक. विशेष लक्ष.’

आषाढात त्यांचे खरे हाल. पाऊस पडतो, पऱ्हे काढणीला येतात, रोवणीची घाई सुटते, आणि ज्याच्या-त्याच्या बांधीचं पाणी फुटून शेजारच्या बांधीत जातं. मग धुरे बुजवायला फावडी लागतात. या दिवसांत गावाला लाज नसते. रजिस्टरवर कुणी सही करतं, कुणी अंगठा मारतो, कुणी नुसतंच ‘लिहून ठेवा जी’ म्हणून खुंटीवरून काढून पळतं. दोन दिवसांत भिंत रिकामी. काकाजी बाज टाकून स्टोरसमोर बसतात, पुढं पांढऱ्या रेघांचं आख्खं सैन्य उभं, पोटात नंबर. गावात धान रोवलं जातंय, याचा आनंद त्यांना बातम्यांत ऐकून होतो.

याउलट खंडेनवमी म्हणजे त्यांची दिवाळी. त्या दिवशी अवजारांची पूजा, आणि पूजेला अवजार हजर पाहिजे. आठ दिवस आधीच नातू घरोघर निरोप घेऊन जातो. हलक्या धानाची कापणी नेमकी तेव्हाच दारात उभी असते, इळे प्रत्येकाच्या हातात असतात, पण देवाचं नाव मध्ये आल्यावर कोण नाही म्हणेल? संध्याकाळपर्यंत भिंत भरते. झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं, एकेका पात्यावर. काकाजी सोवळं नेसून आरतीचं तबक फिरवतात आणि ओठांतल्या ओठांत मंत्रासारखं काहीतरी पुटपुटतात. जवळ जाऊन ऐकलं तर ते मोजत असतात.

आता काकूंविषयी. सांदवाडीत जे काही हिरवं दिसतं ते काकूंचं. वांगी, भेदरं, सांबार, मिरच्या, मांडवावर दोडके, कुंपणाला वाल. हे सगळं त्या पहाटे, काकाजी खुंट्या हलवायला उठण्याच्या आत, एका खुरप्यानं करतात. एकच खुरपं. मूठ अर्धी फुटलेली, तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, पातं झिजून झिजून बोटाएवढं राहिलेलं. काम झालं की ते सपरीच्या आढ्याखाली, कवेलूच्या बांबूत खोचलेलं. त्यांच्या सासूबाईही इळा तिथंच खोचत. त्या बांबूला नंबर नाही, रेघ नाही, आणि अंधारात हात वर केला की खुरपं हातात येतं.

हे खुरपं रजिस्टरात नव्हतं. काकाजींना ते ठाऊक असावं, पण ठाऊक असणं आणि नोंद असणं यांत सरकारी माणसाच्या लेखी जमीनअस्मानाचं अंतर. गेल्या ३१ मार्चला मात्र वार्षिक पडताळणी करताना त्यांनी सपरीत मान वर केली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भांडारात वस्तू कमी भरली तर भांडारपाल मरतो. कमी भरलं तर सोपं असतं. वसुली होते, पगारातून कापतात, विषय संपतो. जीव जातो तो वस्तू जादा भरल्यावर. जादा आली कुठून? कुणाचं देणं लपवलं? आधीच्या मोजणीत खोटं लिहिलं का? नोकरीभर काकाजी रात्री दचकून उठत ते याच स्वप्नानं. आणि आता घरातच, आढ्याखाली, एक खुरपं, नग १, बेहिशोबी.

काकूंनी सांगून पाहिलं, “अवो, माह्या मायनं लग्नात देल्लं ते.” त्यावर काकाजींनी दानपत्र आहे का विचारलं.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. खुरपं आधी ‘जादा’ म्हणून जमा करायचं, मग जीर्ण ठरवून निर्लेखित करायचं, आणि निर्लेखित मालाची नियमाप्रमाणं लिलावानं विल्हेवाट लावायची. लिलावाला तीन बोल्या हव्यात. एक बोली सुनेची घेतली, ती बिचारी चुलीपाशी होती, ‘दोन रुपये’ म्हणून मोकळी झाली. दुसरी, योगायोगानं दारावरून ओरडत चाललेल्या भंगारवाल्याची: पाच रुपये, वर म्हणाला लोखंड काहीच नाही. तिसरी काकूंची. बोली लावण्याआधी अनामत भरावी लागते म्हणून काकाजींनी त्यांच्याकडून दोन रुपये घेतले. काकूंनी दहा म्हटलं. भंगारवाल्यानं हात जोडले. काकाजींनी सर्वोच्च बोली मान्य केल्याचं तीनदा जाहीर केलं, दहा रुपये मोजून घेतले, पावती फाडली, पावतीवर सही केली, सहीखाली तारीख घातली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

काकूंनी खुरपं उचललं, पदरानं पुसलं आणि दुसरा हात पुढं केला.

“अन् अनामतीचे दोन रुपये?”