लोके काय टाकतस?

कीवर्डभाऊंना "चहा घेणार का?" असं सरळ विचारू नये. भाऊ मोबाइल टेबलावर पालथा ठेवतात, समोरच्याची कीव आल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "असं कोणी विचारतं का? लोके काय टाकतस? 'सारंगखेड्यात चांगला चहा', 'बसस्टँडजवळ चहा', 'रात्री चालू असलेला चहा'." तोवर चहा येतो, गार होतो, त्यावर साय धरते. भाऊंचं टाकणं चालूच असतं.

टाकणं म्हणजे गुगलच्या चौकटीत शब्द टाकणं, हे वाचकांना सांगायला नको. असा एक भाऊ आता गावोगाव आहे. पूर्वी गावात एक जण अर्ज लिहून देणारा असे, एक जण कोर्टाची तारीख सांगणारा असे. आता एक जण गावाला 'पहिल्या पानावर' आणणारा असतो. त्याच्याकडे लॅपटॉप असतो, लॅपटॉपला चार्जर नसतो, आणि कुणाच्याही घरी गेला की आधी तो भिंतीवरचं प्लगपॉइंट बघतो, मग माणसं.

सारंगखेड्याचे भाऊ मात्र या जमातीतले जातिवंत. कारण त्यांच्या गावाकडे शोधण्यासारखं खरोखरच काहीतरी आहे. तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं हे गाव. एकमुखी दत्ताचं मंदिर, दत्तजयंतीला भरणारी यात्रा आणि यात्रेतला घोडेबाजार. कानांची टोकं एकमेकांकडे वळलेले मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात, पांढरेशुभ्र नुकरे येतात, आणि ते बघायला अर्धा खानदेश लोटतो. घोड्यांचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत, ते काही कुणाची वेबसाइट वाचून नव्हे, असं भाऊंना कुणी सुनावलं की ते दुखावतात. "आले," ते म्हणतात, "पण जे आले नाहीत त्यांचा आकडा कुणाकडे आहे?"

या प्रश्नाला अद्याप कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

भाऊंच्या घरातलं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडे आला. तो त्यांच्याकडे का गेला, यावर घरात अजून वाद आहे. पहिल्या मसुद्यात गणपतीच्या खाली ओळ होती : 'सारंगखेडा लग्नसोहळा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, दोंडाईचा रेल्वे स्टेशनहून सोयीचे'. वधूचं नाव चौथ्या ओळीत. मामा भडकले. भाऊ शांतपणे म्हणाले, "मामा, लोके काय टाकतस?" मामांनी पत्रिका टेबलावर आपटली आणि म्हणाले, "लोक काही टाकत नाहीत. लोक पत्रिका उलटीपालटी करून जेवण किती वाजता ते बघतात!"

भाऊ उभेच राहिले. शोधणाऱ्याच्या मनातला खरा हेतू ओळखा आणि त्याचं उत्तर सगळ्यात वर द्या, हे तत्त्व ते तालुक्याला व्हिडिओ दाखवून शिकवत होते, आणि मामांनी ते रागाच्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं. छापलेल्या पत्रिकेत जेवणाची वेळ मुहूर्ताच्या वर, ठळक अक्षरांत होती. मामा अजून बोलत नाहीत. पण पंगत वेळेवर बसली.

यात्रेच्या वेबसाइटचं नियोजन हा भाऊंचा खरा प्राण. आणि तिथे त्यांचं ऐकावं लागतं, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. यात्रा तिथीनं येते. दत्तजयंती २०२३ साली २६ डिसेंबरला होती, २०२४ साली १४ डिसेंबरला, २०२५ साली ४ डिसेंबरला. म्हणजे 'यात्रा कधी आहे' हा प्रश्न दरवर्षी नव्यानं जन्माला येतो. उत्साही मंडळी दरवर्षी नवं पान काढतात, त्याच्या पत्त्यात साल घालतात आणि पुढच्या वर्षी ते पान वाऱ्यावर सोडतात. भाऊ म्हणतात, पत्ता एकच ठेवा, त्यात साल नको. तारीख, कसं यायचं, राहायचं कुठे एवढं दरवर्षी त्याच पानावर बदला. जुन्या पानाला इतरांनी दिलेले दुवे आणि कमावलेली पत वाया जात नाही. शिवाय मजकूर दिवाळीच्या आधी चढवा. यात्रा सुरू झाल्यावर टाकलेलं पान गुगलच्या नजरेस येईपर्यंत घोडे परतीच्या ट्रकात चढलेले असतात. आणि १९९८ च्या १ जुलैला नंदुरबार वेगळा होईपर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यात होता, म्हणून मजकुरात एकदा तरी धुळ्याचं नाव येऊ द्या. जुनी माणसं तेच टाकतात. गुगल कंपनीची नोंदणी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाली. "आपला जिल्हा गुगलपेक्षा मोठा आहे, दोन महिन्यांनी," हे भाऊ नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात.

त्यांचं दैवत मात्र कॅलिफोर्नियातलं नाही. भिंतीवरच्या 'कालनिर्णय'कडे बोट दाखवून भाऊ म्हणतात, कंटेंटचं नियोजन यांच्याकडून शिका. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं. पुढच्या बाजूला तिथी, कारण लोक तीच शोधतात. मागच्या बाजूला पाककृती, आरोग्य, लेख. तिथीसाठी आलेला माणूस पान उलटून थांबतो. "बारा पानं, वर्षभर भिंतीवर. कुणाचं वेबपेज टिकतं एवढं?"

भाऊंचं स्वतःचं तारुण्य मात्र एवढं शुद्ध नाही. सुरुवातीच्या काळात त्यांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत 'सारंगखेडा घोडा' हे शब्द खच्चून भरले होते; माणसाला दिसू नयेत, यंत्राला दिसावेत. कीवर्डांचा मेटा टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गुगलनं २००९ साली जाहीर केलं. भाऊ पुढे कित्येक वर्षं तो भक्तिभावानं भरत राहिले. मग २०११ साली 'पांडा' नावाचा बदल आला आणि भरताड मजकुराची पानं खाली गेली. २०१२ साली 'पेंग्विन' आला आणि विकतचे दुवे अंगाशी आले. घोड्यांच्या गावाला पांडानं पाडलं, असं गाव म्हणायचं. घोड्याचं वय मालकाच्या बोलण्यावर ठरत नाही, जबडा उघडून दात बघावे लागतात. गुगलही आता दात बघू लागलं होतं.

मधल्या काळात यात्रेला पर्यटन विभागाचा हात लागला आणि 'चेतक फेस्टिव्हल' हे नाव झळकलं. राणाप्रतापांच्या घोड्याचं नाव, सगळे खूश. एकटे भाऊ कपाळाला हात लावून बसले. "अरे, नुसतं 'चेतक' टाकून बघा!" टाकलं. स्कूटर आली. बजाजची १९७२ ची जुनी चेतक, आणि २०२० पासून विजेवर धावणारी नवी. तिची किंमत, तिचं मायलेज, तिचे हप्ते. घोड्याचा पत्ता नाही. त्या रात्री भाऊंनी सगळ्या मजकुरात 'चेतक'च्या मागेपुढे 'सारंगखेडा', 'घोडेबाजार' आणि 'यात्रा' हे शब्द अंगरक्षकांसारखे उभे केले.

खरी पंचाईत किमतीची. लोक टाकतात 'सारंगखेडा घोडा किंमत', आणि जनावरांच्या बाजारात भाव सांगायची नव्हे, लपवायची रीत. रुमालाखाली हात जातो, बोटं दाबली जातात, सौदा होतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. बातम्यांमध्ये दरवर्षी एखाद्या घोड्याची कोट्यवधींची किंमत गाजते, पण त्याचा मालक बहुधा विकायला तयार नसतो. भाऊ एका वयस्कर व्यापाऱ्यापुढे वही घेऊन बसले. बाबांनी रुमाल काढला, भाऊंची तीन बोटं दाबली आणि म्हणाले, "लिख आते." लिही आता.

भाऊंनी काहीच लिहिलं नाही. पण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

त्यामागे काही थोर हेतू नव्हता. मजकूर तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुगलनं २०२२ च्या डिसेंबरात 'अनुभव' हा निकष जोडला होता. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केलेली असावी. आणि भाऊ आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले होते, स्वतःच्या लग्नात, तेही डोळे मिटून. अनुभव उसना घेणं भाग होतं. बाबा बोलत गेले. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा तो पंचकल्याण. गळ्यावर केसांचा शुभ भोवरा असेल तर तो देवमण, आणि त्याच्यापायी घोड्याचा भाव वर जातो. अबलख कोणता, कुमैत कोणता. कोणता भोवरा असला की गिऱ्हाईक न बोलता पुढच्या दावणीला जातं. भाऊ एरवी दोन मिनिटांत समोरच्याचं वाक्य तोडतात. इथे तोडलं नाही. दावणीत, लिदीच्या वासात, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून हा माणूस संध्याकाळी काढू लागला.

घरी येऊन त्यांनी ते शब्द आपल्या यंत्रात घालून पाहिले. कोणता शब्द महिन्याला किती लोक शोधतात ते सांगणारं यंत्र. देवमण : शून्य. बाकीच्यांचंही तेच. भाऊंच्या शास्त्राप्रमाणे शून्य म्हणजे विषय संपला. गावातल्या तीन दुकानदारांना त्यांनी याच शून्यावरून झापलं होतं. तरी त्यांनी पान केलं. प्रत्येक खुणेचा फोटो, प्रत्येक फोटोखाली बाबांचा शब्द, फोटो न दिसणाऱ्यासाठी वर्णन. पोरांनी मुद्दाम विचारलं, "भाऊ, लोके काय टाकतस?" भाऊ चिडले. "टाकत नाहीत, कारण त्यांना माहीत नाही! जो शब्द माहीत नाही तो टाकणार कसा?" एवढं बोलून गप्प झाले. आपल्या सगळ्या धंद्याच्या पायाखालची वीट आपणच काढली, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं असावं.

बाबांच्या मुलांनी घोड्यांचा व्यापार सोडला आहे. भोवरे ओळखणारे दावणीला आता कमीच. त्या पानाला वर्षभरात आलेले वाचक भाऊ कुणाला सांगत नाहीत. पण तपासतात रोज.

आणि मग, २०२४ च्या ऑगस्टपासून, गुगल भारतात यादीच्या वर स्वतःच तयार केलेलं उत्तर मांडू लागलं. यात्रा कधी, कसं जायचं, एकमुखी दत्त म्हणजे काय : सगळं वरच्या वर. माणूस वाचतो आणि निघून जातो, खालचं पान उघडायचं कारणच उरत नाही. पंधरा वर्षं जो माणूस लोकांना 'उत्तर सगळ्यात वर द्या' म्हणून सांगत फिरला, त्याचं ऐकलं ते थेट गुगलनंच.

भाऊंनी ही व्यथा बाबांना सांगितली. यंत्रानं आपलं पान वाचलं, देवमण म्हणजे काय ते आता यंत्रच सांगतं, आपल्याकडे कोणी फिरकत नाही. बाबांनी तंबाखू मळता मळता एकच शंका काढली. "भाव सांगस का तो?"

भाऊ म्हणाले, नाही. घोड्यागणिक बदलतो, बाजारात जाऊन विचारा म्हणतो.

"मंग तो बी यापारीच शे," बाबा म्हणाले आणि तळहातावरची चिमूट दाढेखाली सारली.

भाऊंनी तेवढ्यात मोबाइल उलटा केला. हे वाक्य किमतीच्या पानावर शीर्षक म्हणून बसेल, फक्त त्यात 'सारंगखेडा' कुठे घालायचं, एवढंच बघायचं होतं.