पितांबर कोणाच्या पडद्यावर पिवळं?

पेण, हमरापूर, जोह्याचे गणपती परदेशी निघतात बोटीने. त्यांचे फोटो मात्र आधीच मोबाइलवर पोचलेले असतात. रंगाचं भांडण तिथेच सुरू होतं. गिऱ्हाईक कळवतं, ‘पितांबर जरा केशरी वाटतंय हो!’ कारखान्यात तेच पितांबर चांगलं हळदीसारखं पिवळं.

मग एखादा जाणकार पडद्याचे रंग मोजणारं यंत्र सुचवतो. नुसता पडदा मोजायचा तर कलरीमीटर पुरतो. छापील कॅटलॉगही जुळवायचा असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, आणि त्याची किंमत ऐकून मालकाच्याच चेहऱ्याचा रंग उडतो. कलरीमीटर पडद्याला टेकवला, ६५०० केल्विन, गॅमा २.२, प्रोफाइल तयार. कारखान्याचा संगणक आता राजा हरिश्चंद्र! फोटो ट्यूबलाइटखाली, कॅमेऱ्याच्या मर्जीने काढलेला, ही गोष्ट वेगळी. आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल? त्यावर रात्रीचा पिवळट मोड दिवसाढवळ्या चालू. तुमचं प्रोफाइल तुमच्या पडद्यापुरतं. गिऱ्हाइकाच्या खिशातल्या पडद्यावर त्या प्रोफाइलची सत्ता शून्य.

डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला यातलं काही विचारू नका, त्याला काम आहे. यंत्र घ्यायचंच तर साधा कलरीमीटर घ्या, फोटो दिवसाउजेडी काढा, आणि पितांबरावर पुन्हा ब्रश फिरवण्याआधी गिऱ्हाइकाला तो मोड बंद करायला सांगा.