गोवा कुणाला परवडतो?

दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर कुठे करायचं, असा प्रश्न ग्रुपवर पडतो आणि चहा संपायच्या आत पोल येतो. गोवा, महाबळेश्वर, अलिबाग. एखादा बँकॉकही घुसवतो. गोवा जिंकतो, ॲडव्हान्स मागितला जातो. ज्यांनी मतच दिलं नाही, त्यांची चौकशी कुणी करत नाही.

ही माणसं गप्प का बसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘मला परवडत नाही’ हे जुन्या मित्रांना सांगणं फार जड जातं. मग ‘घरी कार्य आहे’, ‘रजा नाही’ असे निरोप येतात आणि यादीतली नावं गळतात. शहर निवडताना आपण कोण येणार आणि कोण नाही, हेच ठरवत असतो.

शाळा सातारा-सांगलीकडची आणि निम्मी बॅच पुण्या-मुंबईत असेल, तर माझं मत कोल्हापूरला. मुंबईकर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी कोल्हापुरात. बाकीच्यांना एसटी आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये काढून घेतली. साठी ओलांडलेल्या बॅचला हा फरक खिशात जाणवतो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर संध्याकाळ, वीसेक किलोमीटरवर पन्हाळा, जेवायला तांबडा-पांढरा. गप्पांना आणखी काय लागतं?

आणि हे शहर शाळासोबत्यांनाच शोभणारं आहे. खेड्यातल्या पोरांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून शाहू महाराजांनी 1901 पासून इथे वसतिगृहं उभी केली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पैशाअभावी कुणाचा वर्ग सुटू नये, यासाठी एका राजाने तिजोरी उघडली. त्याच मातीतली आपण माणसं पैशाअभावी वर्गमित्राला मागे ठेवणार असू, तर शिकलो काय?

तुमची शाळा विदर्भातली असेल तर शहर वेगळं निघेल, कोकणातली असेल तर आणखी वेगळं. पद्धत मात्र हीच ठेवा. आधी खर्चाचा आकडा ठरवा, मग शहर. तारीख काढताना शेती करणाऱ्यांना विचारा. जूनमध्ये पेरणी असते आणि थंडीत ऊसतोड. बऱ्याच मैत्रिणींना घर सोडून रात्री बाहेर राहता येत नाही, म्हणून मुख्य कार्यक्रम दिवसा ठेवा आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी पाहा. काँट्री सर्वांना सारखी आणि कमी ठेवा. ज्याला जास्त देणं शक्य आहे, त्याने खजिनदाराकडे गुपचूप द्यावं. कुणी भरले, कुणाचे बाकी, ही यादी ग्रुपवर टाकणं तर साफ बंद करा. तो जाहीर अपमान आहे.

गोवा ज्यांना हवा आहे, त्यांनी तो चौघांत जरूर करावा. त्याला बॅचचं नाव देऊ नये.

या वर्षी पोल टाकण्याआधी ग्रुपवर कधीच न बोलणाऱ्या तिघांना फोन करा, मेसेज नको. कुठे यायला जमेल, एवढंच विचारा. ते सांगतील तेच शहर पक्कं करा.