पेट्रापोलच्या मैत्री द्वारास अनावृत पत्र

प्रति,
मैत्री द्वार (मालवाहतूक फाटक),
पेट्रापोल, जिल्हा उत्तर २४ परगणा, पश्चिम बंगाल.

विषय : सीमेवरील फाटकांचे रुंदीकरण व त्यांचे रिकामेपण यांबाबत.

भू-बंदर म्हणजे पाणी नसलेले बंदर. ही व्यवस्था भारतात आली ती गैरसोयीतून. शेजारी देशांच्या सीमेवर पूर्वी सीमाशुल्काची ठाणी असत: एक खोली, एक टेबल, एक शिक्का आणि बाहेर चिखलात ट्रकांची रांग. सीमाशुल्कवाले एकीकडे, पासपोर्ट पाहणारे दुसरीकडे आणि फळांवरची कीड तपासणारा बहुधा रजेवर. ही सगळी खाती एका कुंपणात आणावीत, तिथेच गोदाम, वजनकाटा आणि वाहनतळ असावा, या विचाराने एकात्मिक तपासणी नाक्यांची योजना आखली गेली. २०१० मध्ये कायदा झाला आणि १ मार्च २०१२ रोजी भारतीय भू-बंदर प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरण गृह मंत्रालयाचे, सीमाशुल्क अर्थ मंत्रालयाचे, किडीची तपासणी कृषी मंत्रालयाची, आयात-निर्यातीचे नियम वाणिज्य मंत्रालयाचे आणि शेजाऱ्याशी बोलायचे ते परराष्ट्र मंत्रालयाने. कुंपण एक झाले, घरमालक पाचच राहिले.

पेट्रापोल हा या नाक्यांमधला थोरला. कोलकात्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, जेसोर रोडच्या टोकाला तो आहे. पलीकडे बांगलादेशचे बेनापोल. दोन्ही देशांच्या जमिनीवरून होणाऱ्या व्यापारापैकी मूल्याने सुमारे ७० टक्के व्यापार इथून चालतो. इथला एकात्मिक नाका २०१६ मध्ये सुरू झाला. त्यानंतर पाच वर्षांनी जागतिक बँकेने हिशोब मांडला, तेव्हा पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला मालाला १३८ तास लागत होते, म्हणजे पावणेसहा दिवस. पूर्व आफ्रिकेत तेवढीच वर्दळ असलेल्या सीमेवर हे काम सहा तासांच्या आत होते. या १३८ तासांपैकी २८ तास निव्वळ एका ट्रकमधला माल काढून दुसऱ्यात भरण्यात जात. भारतीय ट्रक पलीकडच्या आवारापर्यंत जातो, रिकामा होतो आणि परततो. पुढचा प्रवास बांगलादेशी ट्रक करतो. थेट ढाक्यापर्यंत ट्रक जावा म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूला मोटार वाहन करार केला. ज्या भूतानमध्ये सह्या झाल्या, त्या भूताननेच पुढे त्याला मान्यता दिली नाही, आणि इतरांचीही अंमलबजावणी नियमावलीच्या मसुद्यांतच रेंगाळली. हे २८ तास काँक्रीटने कमी होत नाहीत, सहीने होतात. सही फुकट असते. म्हणूनच बहुधा तिच्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद सापडत नाही.

काँक्रीटसाठी मात्र ती सापडते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते सदर द्वाराचे आणि शेजारच्या नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. द्वाराला सुमारे ६ कोटी रुपये लागले, इमारतीला सुमारे ४८७ कोटी. इमारतीची क्षमता रोज २० हजार प्रवाशांची. त्याआधी सुमारे पावणेतीन महिने ढाक्यात सत्तांतर झाले होते आणि बांगलादेशींना भारताचा व्हिसा देणे वैद्यकीय व तातडीच्या कामांपुरतेच उरले होते. क्षमता फलकावर लिहिता येते; प्रवाशाला मात्र पासपोर्टवर शिक्का लागतो.

नावाचाही थोडा विचार व्हावा. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस २००८ मध्ये सुरू झाली, जुलै २०२४ पासून ती थांबली. त्रिपुरात सबरूमजवळ फेणी नदीवर १३३ कोटी रुपयांचा, १.९ किलोमीटर लांबीचा मैत्री सेतू मार्च २०२१ मध्ये उद्घाटित झाला. तिथून चितगाव बंदर जेमतेम ८० किलोमीटरवर. पुढची काही वर्षे त्या पुलावरून मालाचे ट्रक गेलेच नाहीत. सदर द्वारातून निदान ट्रक तरी जातात, त्यामुळे मैत्री कुळात तेच कर्ते निघाले म्हणायचे.

देशातला पहिला एकात्मिक नाका पाकिस्तान सीमेवरच्या अटारीचा. एप्रिल २०१२ मध्ये तो सुमारे १५० कोटी रुपये खर्चून उभा राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामातील हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला आणि अफगाणिस्तानच्या सुक्या मेव्यावर नाका कसाबसा तगून राहिला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममधील हल्ल्यानंतर नाकाही बंद झाला. ही कारणे गंभीर आहेत आणि गोदामाच्या रुंदीशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्या गोदामात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांचे काम त्यात गेले.

जिथे कागदाचा तंटा नाही, तिथे चित्र निराळे दिसते. बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत २०१९ मध्ये ६९ किलोमीटरची तेलवाहिनी झाली. आता तिच्यातले इंधन जमिनीखालून जाते, त्यासाठी टँकरची रांग लागत नाही. वाहिनीला फाटकच नसते, हा तिचा मोठा गुण.

महाराष्ट्राचा या फाटकाशी संबंध कांद्यापुरता आहे, असे समजणे चूक ठरेल. कांद्याचा आहेच: सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा कांद्याचे ट्रक बंगालच्या सीमेवर अडकून सडले. त्याआधीच्या वर्षी अशाच बंदीवर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आचाऱ्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितल्याचे हसत ऐकवले होते. विदर्भातल्या संत्र्याला पलीकडून किलोमागे ८८ रुपयांपर्यंत आयातशुल्क लागले. फाटक दुप्पट रुंद केले तरी संत्रे त्यातून स्वस्तात जात नाही.

खरी गंमत पुढे आहे. १७ मे २०२५ रोजी बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरून आणण्यास भारताने मनाई केली. ते महाराष्ट्रातले न्हावा-शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच आणायचे ठरले. पुढच्याच महिन्यात ताग आणि तागाच्या सुताची पाळी आली, आणि त्यांच्यासाठी एकटे न्हावा-शेवाच उरले. तागाच्या गिरण्या हुगळीकाठी, बेनापोलहून काही तासांच्या वाटेवर. तो माल या नियमाने आधी चितगावला जाणार, मग जहाजातून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून उरणजवळ उतरणार आणि तिथून पुन्हा बंगाल गाठणार. यामागे पलीकडून आलेले निर्बंधही आहेत: त्याच वर्षी एप्रिलमध्ये बांगलादेशने भारतीय सूत जमिनीवरून घेणे थांबवले होते. दोन्ही सरकारांनी एकमेकांचे फाटक तोडले नाही, रंगही खरवडला नाही. फक्त एकेक परिपत्रक काढले. परिपत्रकाच्या कागदाचा खर्च दोन-चार रुपये धरला, तर ४८७ कोटींच्या तुलनेत तो किफायतशीर ठरतो.

नव्या नाक्यांचे प्रस्ताव, वाढीव वाहनतळ आणि तपासणी यंत्रे यांचे काम त्या त्या खात्यात चालूच राहील. सदर द्वाराने त्यात मत देण्याची गरज नाही. आदेश कोणत्या मंत्रालयाकडून येईल ते सांगता येत नसल्याने बिजागऱ्यांना वेळच्या वेळी तेल घालून तयार राहावे. तेलाचा खर्च देखभालीच्या शीर्षाखाली दाखवता येईल.

प्रत माहितीसाठी : रांगेतील शेवटचा ट्रकचालक, बनगाव वाहनतळ. (पोहोचेपर्यंत तो पहिला झालेला असेल.)