बिनव्हिसाची बया

अहो, ऐकलंत का? बडोद्याकडच्या आमच्या सावली गावात जो तो पोराला अमेरिकेला धाडायच्या मागे. व्हिसा, एजंट, इंग्रजीचे क्लास. संध्याकाळी ओट्यावर दुसरा विषय नाही. आणि एक बया मात्र तिकडून, थेट कॅरिबियन समुद्रातून, इकडे येऊन बसलीय! ना कागद, ना पत्तर. अंगाने जेमतेम इंचभर शिंपली. नाव मायटिलॉप्सिस सॅली.

तुम्ही म्हणाल, सावलीला समुद्र नाही, मग या चौकशा कशाला? वा! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सरकारने संस्थानातल्या ओखामंडळच्या समुद्रातल्या जीवांची पाहणी हॉर्नेल नावाच्या साहेबाकडून करवून घेतली, १९०९ साली तिचा अहवालही छापला. शिंपल्यांच्या घरात डोकावायची आम्हा बडोदेकरांची खोड सरकारमान्य आहे.

तर ही बया. पहिली लबाडी कुळाची. दिसायला थेट शिनाणं नावाच्या शिंपल्यांसारखी, त्यांच्यासारखेच धागे काढून खांबाला चिकटते; पण शिनाण्यांच्या घराण्याशी काही संबंध नाही. नातं काढायचंच तर तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांशी जवळचं. आणि चालचलणूक? जन्मून महिना होतो न होतो तोच संसाराला तयार! काही नर, काही माद्या, आणि काही तर एकाच देहात दोन्ही. हजारोंनी अंडी घालायची, तीही उघड्या पाण्यात सोडून मोकळं व्हायचं. पिल्लं तरंगत निघतात आणि जहाजाचा तळ, साखळदंड, पाण्याचे नळ, दिसेल तिथे ठाण मांडतात. जागा संपली की एकमेकींच्या पाठीवर. शिव शिव शिव!

१९६७ मध्ये ती विशाखापट्टणमच्या बंदरात दिसली. पुढे मुंबईच्या गोद्यांतही. हो, आपल्या मुंबईच्या! गोडं पाणी चालतं, समुद्राहून खारट चालतं, आणि गोदीतलं साचलेलं, तेलकट, मळकं पाणी तर भलतंच मानवतं. तरी सगळी बदनामी तिच्या एकटीच्या माथी मारणं मला पटत नाही. एवढा महासागर ती काही पोहून आली नाही. जहाजं तोल सांभाळायला एका बंदरात पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ओतून टाकतात. त्या पाण्यातून नाहीतर तळाला चिकटून असल्या फुकट्यांची ने-आण चालते, आणि ती करणारे आपणच.

ऑस्ट्रेलियावाले मात्र खमके. १९९९ मध्ये डार्विन शहरातल्या बोटींच्या एका बंदिस्त गोदीत ती चौरस मीटरला वीस हजारांवर सापडली. त्यांनी दरवाजे लावून घेतले आणि पाण्यात क्लोरीन नि मोरचूद ओतलं. काही आठवड्यांत बया खलास. तिच्याबरोबर त्या पाण्यातलं बाकीचंही सगळं मेलं, ते कोण बोलतंय! पण वेळेवर सापडली म्हणून हे जमलं. आपल्याकडे तिने कधीच बस्तान बसवलंय.

आणि ही एकटी नाही हो. दक्षिण अमेरिकेची मायटेला, ती मात्र खरोखर शिनाण्यांच्या घराण्यातली, केरळात कोचीनला नि अष्टमुडीच्या खाडीत घुसलीय. तिकडच्या कोळ्यांच्या तिसऱ्यांच्या जागा तिने बळकावल्या.

जहाजांच्या पोटातल्या पाण्यावर लगाम घालणारा जागतिक करार २००४ साली ठरला आणि अमलात आला २०१७ च्या सप्टेंबरात. विशाखापट्टणमला बया दिसली त्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.